सगुणाबाईची पन्हाळ

आष्टीच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून काळ्या रानातून आत गेलं की एक गाव लागतं. त्या गावात सगुणाबाई नावाची एक बाई होती, आणि आपल्या घराचं माळवद वरून कसं दिसतं ते तिला माहीत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती नुकती लुगडं नेसायला लागली होती. आता केसांत पांढरं दिसू लागलं होतं. मधल्या सगळ्या वर्षांत ती एकदाही शिडी चढली नव्हती. बाकीच्या बाया माळवदावर कुरडया घालत, मिरच्या वाळवत, एकीच्या माळवदावरून दुसरीच्या माळवदावर जाऊन चकाट्या पिटत. सगुणाबाईच्या कुरडया मात्र अंगणात, बाजेवर. कोंबड्या हाकलता हाकलता तिचा जीव मेटाकुटीला येई.

कारण काय, तर सासरा घरात असताना सुनेनं माळवदावर जायचं नाही. सुनेचे पाय सासऱ्याच्या डोक्यावरून जाता कामा नयेत. तिच्या सासूनं, गिरिजाबाईनं, पहिल्याच उन्हाळ्यात हे बजावून ठेवलं होतं. हा नियम गावात सगळ्यांच्याच घरी होता, पण बाकीचे सासरे सकाळी रानात जात आणि तेवढ्यात सुना वर जाऊन येत. सगुणाबाईचे सासरे रखमाजी यांना ती लग्न होऊन येण्याआधीच बैलानं गुडघ्यावर लाथ मारली होती, तेव्हापासून ते बसले तर ओसरीच्या खांबाला टेकून, झोपले तर आतल्या खणात. म्हाताऱ्याचं डोकं काही माळवदाखालून हलेना, आणि सगुणाबाई काही वर जाईना.

दुसरा नियम बोलण्याचा. सासऱ्याशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, मधे कुणीतरी लागतं. गिरिजाबाई होती तोवर ती मधे होती. "मामांना विचारा, ताक घेनार का," असं सगुणाबाई सासूला म्हणे, आणि चार हातांवर बसलेले रखमाजीही सासूलाच सांगत, "घीन म्हनावं." सासू गेल्यावर हे काम सगुणाबाईच्या नवऱ्याकडं, धर्मराजकडं आलं. त्याला या प्रकाराचं हसू यायचं. तो मुद्दाम दोघांच्या मधोमध बसे आणि कोतवालानं दवंडी द्यावी तसं एकाचं बोलणं दुसऱ्याला ओरडून सांगे. रखमाजी चिडत, सगुणाबाई पदराआड हसे. त्या घरात हसू म्हणून जे काही होतं ते धर्मराजचं होतं. मूलबाळ झालं नाही. नवससायास झाले, मग तेही थांबले.

धर्मराजला माळवदाचा भारी नाद. आता हे मातीचं छप्पर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगावं लागेल. भिंतींवर लाकडी सर, सरांवर फळ्या आणि काटक्या, त्यावर लिंबाचा पाला आणि वर हातभर माती. शेवटचा थर गावाबाहेरच्या टेकाडावरच्या पांढऱ्या मातीचा. ही माती पाणी आत सोडत नाही, पण तिच्या मागं मात्र सारखं लागावं लागतं. वैशाखात गवताची मुळं उपटायची, उंदरांची बिळं बुजवायची, नवी माती पसरून चोपण्यानं बडवायची आणि सगळा उतार पन्हाळीकडं काढायचा. माती कितीही चांगली घाला, पन्हाळ तुंबली की पाणी वरच उभं राहतं. उभं राहिलेलं पाणी भिंतीत उतरतं, आणि मातीची भिंत एकदा भिजली की ती कधी बसेल ते देवालाही सांगता येत नाही.

धर्मराजनं पन्हाळ बाभळीच्या खोडात कोरली होती. पाण्यानं भिंत चाटू नये, थेट बोळीत पडावं म्हणून ती भिंतीच्या चांगली हातभर बाहेर काढली होती. प्रत्येक मोठ्या पावसानंतर तो वर जाऊन तिच्यात हात घालून यायचा. "घराचं नाक हाय ते," म्हणायचा. "चोंदलं की घर मेलं."

बहात्तरच्या दुष्काळाआधीची दोन-तीन सालंही कोरडीच होती. त्या सालांतही धर्मराज वैशाखात माळवदावर माती घालायचा, आणि लोक खालून हसायचे. "पाऊस न्हाई, पानी न्हाई, अन्‌ हा माळवद बडवून राह्यला!" धर्मराज वरूनच म्हणे, "यील ना कवातरी. त्याला काय माझ्या घराचा रस्ता माहीत न्हाई?" मग बहात्तर साल आलं आणि सगळ्यांचंच हसणं बंद पडलं. गोठ्याच्या छपराचा कडबा आणि गवत काढून बैलांना घातलं, मग बैलही गेले. गोठ्याच्या जागी नुसत्या मेढी उभ्या राहिल्या. माणसं तलावाच्या कामावर माती वाहायला जाऊ लागली. धर्मराजही जाऊ लागला. पाऊस तोंडावर आला असताना, ऐन उन्हाळ्यात, त्याला कामावर ऊन लागलं. बैलगाडीतून घरी आणला तेव्हा तो बोलत नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

लोक दहाव्यापर्यंत आले, तेराव्यापर्यंत आले, आणि मग ज्याचे त्याचे व्याप. घरात उरले सासरा आणि सून, आणि त्यांच्यामधे बोलायला कुणीच नाही.

खरं तर या वेळी दोघांनी नियम गुंडाळून ठेवायला काय हरकत होती? पण माणूस असा असतो, की सगळं गेल्यावर जे उरतं ते तो घट्ट धरतो, मग तो एखादा अडचणीचा नियम का असेना. रखमाजी ओसरीच्या खांबाशी बोलू लागले. "आज भाकर जरा करपली वाटतं," असं ते खांबाला सांगत. सगुणाबाई चुलीपुढून उखळाला सांगे, "पीठ संपत आलंय, दळान न्यावं लागंल." खांब आणि उखळ यांचं बरं चाललं होतं. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर सांगण्यासारखं काहीच उरत नसे. म्हातारा इकडं तोंड करून बसे, ती तिकडं तोंड करून. शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला तरी सगुणाबाईला बरं वाटे. घरात माणूस असून आपण एकटे, हे तिला कुणाला सांगताही येत नव्हतं, कारण ऐकणाऱ्यानं म्हटलं असतं, अगं, म्हातारा आहे की सोबतीला.

तिचा थोरला भाऊ बद्रीनाथ मंठ्याला अडत दुकानात कामाला होता. तेराव्याला आला तेव्हा त्यानं बहिणीला बाजूला घेतलं.

"चल माझ्यासंग. इथं काय ठिवलंय?"

"अन्‌ मामा?"

"त्यांची लेक हाय की केदारखेड्याला."

"लेकीच्या घरी ते पानी तरी पितेत का, दादा?"

जुन्या वळणाचा बाप लेकीच्या घरी राहत नाही, हे बद्रीनाथलाही माहीत होतं. मंठ्याला गेली तर भावजयीच्या हाताखाली दिवस काढावे लागतील, हे सगुणाबाईलाही माहीत होतं. "बरं, पाऊस होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "पर हे घर आता बिनामानसाचं हाय. एखादी भिंत बसली, तर मंग मी काही ऐकनार न्हाई. गाडी घिऊन यीन."

म्हणजे सगळं त्या घरावर येऊन ठेपलं. घर उभं आहे तोवर दोघांना एक चूल होती. घर पडलं की तिनं मंठ्याला भावाच्या दारी जायचं, आणि म्हाताऱ्यानं कुठं जायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

माळवदावर त्या वर्षी माती पडली नव्हती. सगुणाबाईनं शेजारच्या अप्पारावला, धर्मराजच्या धाकट्या चुलतभावाला, पदराआडून विनवलं. अप्पाराव माणूस चांगला, पण सगळ्या कामांची घाई असलेला. शिवाय विधवेच्या माळवदावर कोण चढतो, याकडं गावाचे डोळे असतात. त्यामुळं तो आला तो टोपल्या टाकून पळण्याच्या बेतानंच. त्यानं पांढरी माती ओतली, फावड्यानं इकडंतिकडं केली आणि उतरला.

"भावजी, पन्हाळ पाह्यली का?" सगुणाबाईनं विचारलं.

"पन्हाळीला काय धाड भरली? जागच्या जागी हाय."

ती जागच्या जागी होतीच. पण वर्षभराच्या वावटळींनी तिच्यात धूळ भरली होती, चिमण्यांनी काड्या-चिंध्यांचं बिऱ्हाड मांडलं होतं, आणि अप्पारावनं घाईत दोन टोपल्या माती नेमकी तिच्या तोंडाशीच टाकली होती. खालून बोळीतून सगुणाबाईला एवढंच दिसलं, की पन्हाळीच्या तोंडातून गवताची एक काडी लोंबते आहे. चिमणीचं घरटं मोडू नये म्हणतात, असं म्हणून तिनं मनाचं समाधान करून घेतलं.

त्या साली पाऊस झाला. आधीच्या सरी तापलेल्या मातीनं पिऊन टाकल्या. पण श्रावणात झड लागली. उघडीप म्हणून नाही. दिवसभर रिपरिप, मधेच जोराची सर, पुन्हा रिपरिप. बोळीतल्या सगळ्या घरांच्या पन्हाळी धो धो वाहत होत्या आणि पोरं त्यांच्याखाली अंघोळी करत होती. सगुणाबाईच्या पन्हाळीतून पाण्याची करंगळीएवढी धार पडत होती, आणि मग तीही तुटून नुसते थेंब पडू लागले. एवढा पाऊस वर पडतो आहे आणि खाली काहीच येत नाही, म्हणजे तो वर साचतो आहे, हे कळायला शहाणपण लागत नाही.

तिनं एक लांब वेळू आणला आणि बोळीत उभं राहून पन्हाळीत खालून खुपसला. चूक झाली. घरटं आणि चिखल आणखी आत ठासले गेले आणि थेंबही बंद पडले. ती अप्पारावकडं धावली, तर त्याच्या परसाची भिंत नुकतीच बसलेली, आणि सगळं घर चिखलात उभं राहून भांडी उपसत होतं. कुणाला हाक मारायची? ज्याच्या त्याच्या डोक्यावर ज्याचं त्याचं पाणी होतं.

परत आली तर आतल्या खणातल्या कोपऱ्यात भिंतीवर ओल उतरली होती. पोतेऱ्याचा हात फिरवावा तशी ती खाली खाली येत होती. त्या भिंतीत धान्याचं बळद होतं. घरात होती नव्हती ती ज्वारी त्यात. सरावरून गढूळ पाणी ठिबकू लागलं. तिनं परात ठेवली, मग घागर ठेवली, मग ठेवायला काही उरलं नाही.

अंगणात शिडी भिंतीला लावलेली होती. सगुणाबाई शिडीपाशी गेली, पहिल्या पावंडीवर पाय ठेवला आणि ओसरीकडं पाहिलं. रखमाजी खांबाला टेकून बसले होते. तिनं पाय खाली घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. सासूचा आवाज कानात होता. या घरात येऊन तिनं फार काही मिळवलं नव्हतं. मूल नाही, नवरा नाही. सून म्हणून कुणी बोट दाखवू नये एवढं एकच तिनं सांभाळलं होतं, आणि तेच आता शिडीच्या पहिल्या पावंडीवर टाकून वर जायचं होतं. तिला रडू फुटलं. तोंडावर पाऊस होता, त्यामुळं ते कुणाला दिसलं नाही.

रखमाजींनी ते पाहिलं असावं, नसावंही. ते काठी टेकत उठले, अंगणात आले आणि शिडीला हात घातला. सगुणाबाई पदर ओढून बाजूला झाली. म्हाताऱ्यानं चांगला पाय वर ठेवला, पण दुखरा गुडघा काही वर येईना. दोनदा प्रयत्न केला. मग शिडीलाच कपाळ टेकून थोडा वेळ उभे राहिले, आणि माघारी फिरून ओसरीवर जाऊन उभे राहिले. आत सरातून कट्‌ असा आवाज झाला.

म्हाताऱ्यानं खांबावर हात ठेवला.

"मी भायेर जाऊन बसतो," त्यांनी खांबाला सांगितलं. "घरात आता कोनी न्हाई."

घोंगडं डोक्यावर घेतलं, काठी घेतली आणि भर पावसात दाराबाहेर पडले. सगुणाबाईला वाटलं, रागावले. शिडीवर पाय ठेवला ते खपलं नाही त्यांना. ती दारापर्यंत मागं धावली. रखमाजी बोळ ओलांडून पलीकडच्या दगडावर जाऊन बसले होते. वर आभाळाशिवाय काही नव्हतं, आणि तोंड त्यांनी मुद्दाम पलीकडं केलं होतं. सून कासोटा घालून शिडी चढेल, ते सासऱ्यानं पाहायचं नसतं.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. अहो, म्हातारा स्वतःचं डोकंच माळवदाखालून घेऊन गेला होता! नियम जागेवर राहिला, आणि माळवद तिच्यासाठी मोकळं झालं.

ती चढली. वर घोट्याच्या वर पाणी होतं. पाय फसत होते. ती ओणवी होऊन पन्हाळीच्या तोंडापर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागली. माती, काड्या, चिंध्या, पिसं, धर्मराजच्या जुन्या मुंडाशाच्या काठाचा एक तुकडासुद्धा चिमणीनं नेऊन घातला होता. तो हाताला लागला तशी ती थांबली. मग तोही बाजूला काढून ठेवला आणि दंडापर्यंत हात आत घातला. एकदम ओढ लागली. साचलेलं सगळं पाणी तिच्या पायांवरून पन्हाळीकडं धावलं आणि बोळीत धबाधबा पडू लागलं. पोरं ओरडत त्याच्याखाली गेली.

पाणी उतरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वरून गाव दिसलं. मारुतीच्या देवळाचं शिखर, अप्पारावची बसलेली भिंत, आणि पार आष्टीकडं जाणारी गाडीवाट. हे सगळं धर्मराज दर वर्षी पाहत होता आणि तिला कधी बोलला नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं आणि त्याच्यावर राग आला, मेलेल्या माणसावर येतो तसा, काही उपयोग नसलेला. खाली बोळीपलीकडं घोंगड्याखाली एक लहानसं गाठोडं बसलेलं दिसत होतं. ते हलत नव्हतं.

ती उतरून घरात गेली, चूल पेटवली आणि दारात येऊन उखळाऐवजी उंबऱ्याला म्हणाली, "झालं आता." मग रखमाजी उठले. चुलीपुढं बसून त्यांनी दात वाजवत चहा घेतला. खांबालाही काही सांगितलं नाही.

भिंत वाचली. बळदातली खालची ज्वारी बुरसली तेवढीच. पण गावानं काय पाहिलं? गावानं पाहिलं, की म्हातारा सासरा भर पावसात दगडावर कुडकुडत बसलाय आणि विधवा सून माळवदावर उभी राहून गावाची शोभा बघते आहे. आष्टीच्या बाजारात ही बातमी भाजीच्या आधी विकली गेली. मंठ्याला पोचेपर्यंत तिला आणखी हातपाय फुटले. सुनेनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढला, दाराला कडी घातली, वगैरे. बद्रीनाथ तणतणत आला.

"सगुणा, तुझ्यामुळं मला तोंड दाखवायला जागा न्हाई राह्यली. सामान बांध. चल."

सगुणाबाई काय बोलणार? खरं सांगायचं तर सासऱ्याचं नाव घेऊन, त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं. ओसरीवरून रखमाजी म्हणाले, आणि या वेळी खांबाला म्हणाले नाहीत, "पावनं, बसा जरा. मी भायेर बसलो म्हनून ती वर गेली. ती वर गेली म्हनून तुमी आत बसलात. न्हाईतर बसायला घर कुठं होतं?"

बद्रीनाथानं वर पाहिलं, भिंतीवरचा ओलीचा वाळलेला डाग पाहिला, आणि चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना बहिणीच्या हातावर त्यानं चोळीचा खण ठेवला. नेण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून त्या घराची ही रीतच पडली. वैशाखात, मोठा पाऊस होऊन गेला की, आणि झडीत मधेमधे, रखमाजी खांबाला सांगत, "आज भायेर हवा बरी हाय." वैशाखाचं डोकं फोडणारं ऊन असो नाहीतर श्रावणाची झड, बाहेर हवा बरीच असायची. ते दगडावर पाठ करून बसत. सगुणाबाई वर जाई, गवत उपटी, बिळं बुजवी, माती बडवी, पन्हाळीत हात घाली. आसपासच्या बायांनी टोमणे मारून पाहिले, मग कंटाळल्या. अप्पाराव मात्र येता-जाता म्हाताऱ्याला चिडवी, "काय काका, आज काढलं वाटतं घरातून?" "बिलकुल," म्हातारा म्हणे. "धक्के मारून."

पण याहून जास्त काही बदललं नाही, हेही सांगायला हवं. एकदा एवढं झालं म्हणजे आता सासरा-सून गप्पा मारत बसले असतील, असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. ती वर, तो बाहेर. ती आत, तो ओसरीवर. जवळ येण्याची त्यांना माहीत असलेली एकच तऱ्हा होती, ती म्हणजे लांब जाऊन बसणं. संध्याकाळी दिवा लागला की पूर्वीसारखीच शांतता. सगुणाबाईला कधीकधी वाटे, कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारावी. नवरा मारत नव्हता, त्या काळी कुणाचाच नवरा मारत नसे. भाऊ वर्षातून एकदा मारी. आपलं नाव आपल्यालाच विसरायला होईल, अशी तिला भीती वाटे.

अशी पाच-सहा सालं गेली. मग एका पावसाळ्यात रखमाजी अंथरुणाला खिळले. उठणं-बसणं बंद झालं. सगुणाबाई त्यांना भरवी, त्यांचं सगळं करी, आणि या सगळ्यातही पदर डोक्यावर आणि नजर खाली. डोळ्यांनीही त्यांना आता नीट दिसत नव्हतं. ती चुलीपाशी गेली तरी ते अंदाज घेत, मान इकडं तिकडं करत राहत.

भाद्रपदात पुन्हा झड लागली. दुपारच्या सुमाराला पन्हाळीची धार बारीक झाली. सगुणाबाईनं ते बोळीत जाऊन पाहिलं आणि घरात येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याला बाजेसकट उचलून बाहेर काढायला चार माणसं लागली असती, आणि अशा पावसात त्यांना बाहेर काढणं म्हणजे मारणंच. झडीनं भरदुपारी अंधारलेल्या खणात दिवा घेऊन तिनं कोपऱ्यातली भिंत चाचपली. पुन्हा दारात गेली. पुन्हा आत आली.

"धार कमी झाली ना?" रखमाजींनी विचारलं. खांब ओसरीवर होता. इथं आतल्या खणात दुसरं कुणीच नव्हतं.

ती पुन्हा दाराकडं वळली.

"सगुणा."

या घरात आल्यापासून त्या तोंडून तिनं आपलं नाव ऐकलं नव्हतं.

"जा वर. मी हाय इथंच."

"मामा," तिच्या तोंडून निघून गेलं, "डोक्यावरून पाय जातेत."

"जाऊ दे की." म्हाताऱ्याला धाप लागली. जरा थांबून ते म्हणाले, "तू चुलीकडं गेलीस, पानी आनायला गेलीस, मला काही कळत न्हाई. दिसत न्हाई. वाटतं, गेली का काय मंठ्याला. एकलाच पडून राह्यतो. वर चाललीस म्हंजी आवाज यील. कळंल, घरात कोनी हाय."

सगुणाबाईनं दिवा कोनाड्यात ठेवला आणि शिडी चढली. पन्हाळीत पाला अडकला होता, तो एका हातासरशी निघाला. पाणी मोकळं झालं आणि बोळीत धो धो पडू लागलं. एवढंच काम होतं, आणि ते झालं होतं. ती शिडीपर्यंत आली, आणि उतरली नाही. आतला खण जिथं होता त्याच्या बरोबर वर जाऊन उभी राहिली आणि चालू लागली. इतकी वर्षं ती पावलांचा आवाज न करता जगली होती. आज तिनं टाचा दाबून, भिजलेली माती घट्ट बसवायला धर्मराज चालत असे तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत खेप घातली, मग परत, मग पुन्हा. पाऊस पडतच होता. बोळीतून अप्पारावनं ओरडून विचारलं, "वैनी, पन्हाळ निघाली की, आता काय करून राह्यलात वर?" ती चालत राहिली.